पुडीतले जीव आणि आईंची बांधी

किस्से जमवावे लागत नाहीत. तांदळाच्या पिंपात सोंडे कोणी आणून सोडतं का? झाकण उघडलं की असतातच. लग्न होऊन सिहोऱ्याला आले तेव्हापासून मी फक्त झाकण उघडते. बोलायचं काम घरात बाकीचे करतात.

आमचे हे भंडाऱ्याच्या एका कारखान्यात आहेत. तिथे धानाला कामी येणारे जिवाणू वाढवून पुड्यांत भरतात. पुडी पाण्यात कालवायची, धानाच्या रोपांची मुळं त्यात बुडवायची आणि रोवणा करायचा, म्हणजे लावणी. युरिया कमी लागतो. एवढंच. पण गावोगाव हिंडून हे पटवायचं काम यांचं, आणि ‘एवढंच’ कोणालाच पटत नाही.

*

मला बघायला आले तेव्हा आत्यानं विचारलं, “पोरगा काय करते?”

यांनी खरं ते सांगितलं, “जिवाणू विकतो.”

आत्यानं बाबांना आत बोलावलं. “दादा, पोरगा साजरा हाय. पण लोकं जंतू माराले पैसे देतेत. विकत कोन घेईन?”

*

बपेऱ्याच्या सभेत मोतीराम काका उठले. गावात त्यांनी मान हलवली तरच बाकीच्यांच्या हलतात. “ह्या धानाचा भात खाल्ला तं जंतू पोटात जातीन का?”

यांनी समजावलं, घाबरायचं कारण नाही, आपल्या दह्यातसुद्धा जिवाणूच असतात.

दुसऱ्या दिवशी काकांच्या सुनेचा फोन. “भाऊ, तुमच्या सभेपासून आमच्या घरी दही बंद झालं.”

*

नमुन्याची फुकट पुडी मात्र काकांनी घेतली होती. “जिवंत माल आहे, गार जागेत ठेवा,” असं यांनी बजावलं होतं.

पुढच्या खेपेला हे गेले तर माठाजवळच्या गार कोपऱ्यात, जिथे काकांची बाज असायची, तिथे ओल्या फडक्यावर पुडी. काका बाहेर टिनाखाली घामाघूम.

“काका, इथं काहून झोपले?”

“तूच तं सांगतलं ना बे.”

“मग वापरणार ना?”

“थे नंतर पाहू. पयले सांग, तुह्या घरच्या बांधीत टाकलं का?”

*

हाच प्रश्न प्रत्येक गावात. आणि इथेच यांची गाडी अडायची, कारण बांधी, म्हणजे घरचं धानाचं शेत, आईंचं, आमच्या सासूबाईंचं. त्यांचं उत्तर ठरलेलं, “प्रवीण, लोकाईच्या वावरात काय टाकाचं थे टाक. माह्या बांधीत जंतू नाई.”

कारखान्याच्या साहेबांच्या कानावर हे गेलंच. म्हणाले, “घरच्यांना पटत नाही, तर तू गावाला काय पटवणार? या रोवण्यापर्यंत बघू. नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.”

दोन दिवस हे जेवले तेवढे. घरात माझ्या जोडीला आणखी एक गप्प माणूस झाला.

*

रोवणा लागला तरी पुड्यांचं एक खोकं घरी तसंच पडून होतं. संध्याकाळी आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून, पंचशील म्हणून उठत होत्या. हे ओट्यावर खोकं बांधत पुटपुटले, “महिनाअखेरीस मरतील. फेकूनच द्यावे लागतील.”

आई थांबल्या. “मरतीन म्हंजे? जिते हाय का थे?”

“आई, दोन वर्षांपासून तेच सांगून राहिलो.”

“मले वाटलं, विकाले म्हनतेस.”

शेवटी मीच म्हटलं, “आई, बांधीत टाकले तर जगतील.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन घमेलं घेऊन आल्या.

सकाळी आई चिखलात उभ्या राहून रोपांची एकेक पेंडी घमेल्यात बुडवत होत्या, रोवणाऱ्या बायांच्या हातात देत होत्या. सिहोऱ्याच्या बाजाराला आलेले मोतीराम काका शेताच्या धुऱ्यावर थबकले.

“बाई, पटलं वाटते तुमाले?”

आईंनी मान वर केली नाही. “पटाचं काय हाय त्याच्यात? घरी आलेल्या जीवाईले मरू देऊ का?”

काका बाजार न करताच परत फिरले. घंटाभरात यांना काकांचा फोन आला.

“भाऊ, माह्या घरची पुडी कदी मरते?”