दत्तूचे पांढरे पट्टे

दत्तूच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मंडळाच्या कार्यालयात होतो. यंदाच्या मूर्तीच्या आगमनाची बोलणी चालली होती. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बातमी दुपारची, संध्याकाळपर्यंत गल्लीच्या तोंडाशी दत्तूच्या हसऱ्या फोटोचा भलामोठा बॅनर लागलासुद्धा. मनात आणलं तर आमचं मंडळ किती झटपट काम करतं, हे त्या बॅनरखाली उभं राहून बघताना मला शरम वाटली. महिना उलटून गेला, ती काही जात नाही...

दत्तू आणि मी लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. तीस वर्षं त्याने बस चालवली, तीही इतक्या सबुरीने की चाळीत त्याला बैलगाडी म्हणायचे. निवृत्त झाल्यावर खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, कोण ब्रेक लावतोय आणि कोण नाही. आमची गल्ली म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांमधला शॉर्टकट. बालवाडी सुटायच्या वेळेलाही मोटरसायकली सुसाट जायच्या, पोरं दोनदा थोडक्यात वाचली. दत्तूने वॉर्ड ऑफिसात खेटे घातले, तिथल्या साहेबांना भंडावून सोडलं आणि बालवाडीसमोर स्पीडब्रेकर घालून घेतला. मुलीच्या लग्नातही मी त्याला एवढा खूश पाहिला नव्हता. त्यावरचे पांढरे पट्टे तो स्वतः मारायचा, लाकडी पाटावर बसून, रांगोळी काढावी तसा सावकाश.

मग आमची मूर्ती मोठी झाली. एका वर्षी ट्रॉली त्या ब्रेकरवर आपटली आणि मूर्तीच्या हाताला तडा गेला. मंडळाची सभा भरली, ब्रेकर काढायचं ठरलं. सेक्रेटरी मी. सभा सुटल्यावर दत्तूने मला जिन्यात गाठलं. "बाळ्या, मूर्ती वर्षातून एकदा येते, एकदा जाते. गाड्या रोज येतत रे."

"विसर्जन झालं की आठ दिवसांत परत घालून देतो," मी म्हटलं. "परवानगी, सिमेंट, सगळं माझ्याकडे लागलं. शब्द आहे माझा."

त्याने विश्वास ठेवला. इतका, की फोडताना रस्त्याला खड्डा पडू नये म्हणून छिन्नी घेऊन स्वतःच बसला. विसर्जन झालं. मग नवरात्र आलं, दिवाळी आली. मग मी म्हणायला लागलो, पुढच्या गणपतीत पुन्हा फोडावाच लागणार, तर कशाला दुप्पट काम? हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सपाट रस्त्यावर, अगदी त्याच जागी, दत्तू पांढरे पट्टे मारत बसलेला.

गंमत म्हणजे ते चाललं! परके लोक पट्टे बघून गाडी हळू करायचे. "फसतत रे!" म्हणून हा लहान मुलासारखा टाळ्या पिटायचा. गल्लीतले मात्र आठवड्याभरात शहाणे झाले. सगळ्यांत आधी मी आणि माझी स्कूटर. गेल्या वर्षी पट्टे पुन्हा रंगवताना त्याला मोटरसायकलने उडवलं. चालवणारा आमच्याच चाळीतला. "तिथे ब्रेकर नाहीच ना, म्हणून..." तो रडत सांगत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. दत्तूचा खुबा मोडला. त्याने अंथरूण धरलं ते धरलंच.

त्याच्याकडे शेवटचा गेलो तेव्हा तो खिडकीजवळच्या खाटेवर डोळे मिटून पडला होता. "बाळ्या ना?" त्याने विचारलं.

"कसं ओळखलंस रे?"

"स्कूटर तुझी. ब्रेक नाय लावलंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी हसून वेळ मारून नेली. हसायला नको होतं. तिथेच त्याचा हात धरून चुकलो म्हणायला हवं होतं. पंधरा दिवसांनी तो गेला.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. दारामागे खिळ्याला दत्तूचा ब्रश अजून टांगलेला आहे. रॉकेलने स्वच्छ धुतलेला, नव्यासारखा मऊ. खालचे पट्टे पार पुसट झालेत, तेव्हा म्हटलं, "वहिनी, ब्रश द्या. पट्टे मी मारतो."

त्यांनी ब्रश काढला, पदराने पुसला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. "पट्टे मारायचं काम ह्यांचं होतं, भावोजी. तुमचं वेगळं होतं."

खाली उतरून स्कूटर सुरू केली. त्या पुसट पट्ट्यांपाशी आलो आणि ब्रेक लावला, करकचून. वरची खिडकी उघडी होती, ऐकायला मात्र तिथल्या खाटेवर कुणी नव्हतं.