दगडावरचं चौथं नाव

आम्ही कोष्टी. माझी आत्या उमरेडजवळच्या एका खेड्यात दिलेली. लढाईच्या दिवसांत सूत मिळेना, घरोघरचे माग बंद पडले, तेव्हा त्या गावातले चार जण पलटणीत भरती झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून तिघांच्या मरणाच्या तारा आल्या. चौथे माझे आतोबा. ते बेपत्ता आहेत एवढंच कळलं. बेपत्ता म्हणजे मेला असं नव्हे, हे धरून बसलेल्या आत्यानं कुंकू पुसलं नाही. गावाला ते खुपायचं, पण तिच्या तोंडाला कोण लागणार?

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी गावानं पलटणीत गेलेल्यांच्या आठवणीसाठी चावडीसमोर दगड उभारायचं ठरवलं. पाटलांचं म्हणणं, चार गेले तर चार नावं हवीत.

"जित्या माणसाचं नाव दगडावर कोरता काय?" आत्यानं त्यांना विचारलं. शेवटी तीन नावं कोरली आणि खाली जागा सोडून दिली.

समारंभाला मी नागपूरच्या महाल भागातून गेले. माझं नुकतंच लग्न झालेलं, म्हणून मला पुढे उभं केलं. शुभकार्य सवाष्णीच्या हातानं, हा नियम इथेही लागू झाला आणि तो लागू करताना कोणी क्षणभर थांबलंसुद्धा नाही. ज्यांच्या नवऱ्यांसाठी हा खटाटोप, त्या तिघी विधवा पार मागे कडुनिंबाखाली बसल्या होत्या. मला त्याचा राग आला, आणि अजून येतो.

पाटील कौतुकानं आत्याला म्हणाले, "शिपायाच्या घरची सवाष्ण गावात एकच. तुमीच ओवाळा."

तिनं ताट घेतलं. पहिल्या नावाला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या नावाकडे गेलेला हात मात्र मध्येच थांबला. ती मागे वळली आणि त्या तिघींना म्हणाली, "तुमी काहून मागं बसल्या वं? माणसं तर तुमची हायेत."

कोणी उठेना. विधवेच्या हातानं चालत नाही, असं पाटील खाली बघत पुटपुटले. आत्यानं ताट माझ्या हातात दिलं आणि जाऊन त्या तिघींच्या मध्ये मांडी घालून बसली. दगड घडवणारा मिस्त्री शेजारीच उभा होता.

"चौथं नाव कोरून टाक गा," ती त्याला म्हणाली.

"बाई, मंग तुमचं कुंकू?"

"मले याइच्यातच बसू दे."

तिनं पदराचं टोक कपाळाला लावलं. शेजारच्या विधवेनं तिचा हात धरायला पाहिलं, पण तोवर पुसून झालं होतं.