अंतर कमी झाल्यावर

माझा थोरला भाऊ टोरांटोला नोकरीला लागला, तेव्हापासून बाबांना एकच आकडा पाठ होता. वाशीमजवळच्या मालेगावच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर कुणी नवखा चहाला बसला की ते स्वतःच विषय काढत. मुंबई ते टोरांटो, विमानानं साडेबारा हजार किलोमीटर. ऐकणारा थक्क झाल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत. मी बाजूला भाजीचे रिकामे कॅरेट गाडीला बांधत असे. वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून घर मीच चालवत होतो, पण माझं वावर गावाला लागूनच. त्यात सांगण्यासारखं काय असणार?

भाऊ कधी आला नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही, बहिणीच्या लग्नालाही नाही. इतक्या दुरून तो कसा येईल, असं बाबाच पाहुण्यांना सांगायचे, आणि तेही मान ताठ ठेवून. मला दोघांचीही किळस यायची.

मग कंपनीनं त्याला नैरोबीला पाठवलं. बाबांनी मला मोबाइलवर अंतर पाहायला लावलं. साडेचार हजार निघालं. त्यांनी पुन्हा पाहायला सांगितलं. आकडा तोच. पोराला नोकरीवरून काढल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला.

"टपरीवर सांगजो नोको," ते म्हणाले.

आई मात्र खूश झाली. पोरगा जवळ आला, आता दिवाळीला येईल, असं धरून तिनं नवी गादी भरून घेतली. दिवाळीत भावाचा व्हिडिओ कॉल आला. विमानाचं काही नाही, म्हणाला, पण मुंबईहून पुढचा रस्ता फार वाईट, लेकरांना झेपत नाही. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

काही दिवसांनी चुलतभावानं मला एक फोटो दाखवला. थोरला कंपनीच्या कामानं मुंबईत येऊन परत गेला होता. समुद्राच्या कडेला हसत उभा होता. तो फोटो मी बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा न लावताच पाहिला.

"काम असन त्याले," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी टपरीवर कुणीतरी विचारलं, मोठा मुलगा कुठं असतो. बाबा म्हणाले, कॅनडात.

"नैरोबीत रायते," मी सगळ्यांदेखत बोललो. "आत्ताच मुंबईत येऊन गेला. घरी नाही आला."

बाबा उठले आणि पायीच घरी गेले. आता ते वाशीम रोडवरच्या दुसऱ्या टपरीवर बसतात. तिथं भाऊ अजून टोरांटोलाच आहे.

मुंबईचं आईलाही मीच सांगितलं. पुढच्या फोनवर भाऊ पुन्हा रस्त्याचं रडगाणं गाऊ लागला, तेव्हा तिनं त्याला मध्येच थांबवलं.

"तुले येनं नसन तं नोको येऊ बापा. रस्त्याले कायले दोष देऊन राह्यला?"

तो तिकडच्या हवेबद्दल बोलू लागला. आईनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि मी तो बंद केला.