सांध्यातली पुट्टी

वेल्डिंगचा जळका वास आला की माझी मूठ आजही आवळते. रोह्याहून सायकलची स्वस्तातली फ्रेम आणून मी महिनाभर तिला एकेक भाग जोडला आणि दसऱ्याला झेंडूचा हार घातला. डोलवीच्या कंपनीत वेल्डर असलेला थोरला भाऊ तोच वास घेऊन शिफ्टवरून आला आणि सवयीने हातोडीने सांधे वाजवू लागला. “हा बद्द वाजतोय, यात वेल्डिंगच नाय,” म्हणत त्याने पूजेच्या सायकलवर दणकन घाव घातला. हँडलखालचा सांधा तुटला. मी पाना उचलून त्याच्या कपाळावर हाणला. रक्त हारावर सांडलं. त्याने तुटक्या सांध्यात वेल्डिंगऐवजी भरून वर रंग मारलेली पुट्टी उकरून माझ्या तळहातावर ठेवली, “उतारावर मेला असतास, येड्या.” परवा मुलीला सायकल घेतली, तेव्हा त्याच्या कपाळावरच्या व्रणाकडे न बघता हातोडी मीच त्याच्या हातात दिली.