क्लबहाऊसमधली तपासणी

तज्ज्ञ बाईंनी माझ्या मुलीची खालची पापणी बोटानं ओढली आणि समोरच्या लोकांना म्हणाल्या, "हे बघा. आतून किती पांढरं आहे."

लोक पुढे वाकले. कुणीतरी मोबाईल वर धरला.

खराडीतल्या एका मोठ्या सोसायटीचं क्लबहाऊस. रविवारची सकाळ. मी मागे भिंतीला टेकून उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. बस असंही म्हटलं नव्हतं.

त्या सोसायटीत मी एका घरी स्वयंपाक करायचे आणि त्यांच्या चार वर्षांच्या मायराला भरवायचे. मायराच्या आईला मी मॅडम म्हणायचे. सोसायटीतल्या बायकांनी मिळून मुलांच्या डोळ्यांवर कार्यक्रम ठेवला होता. मुलांना काय खायला घालायचं, स्क्रीन किती वेळ द्यायची, असं. आहाराच्या एक तज्ज्ञ बाई बोलावल्या होत्या. मॅडम आदल्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या मुलीलाही आण. फुकटात डोळे तपासून होतील."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. श्रावणी आठ वर्षांची. काही महिन्यांपासून डोळे बारीक करून बघायची. मी तिला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या, दिवाळीचा फ्रॉक चढवला. विश्रांतवाडीहून बसनं आलो. सगळ्या वाटेत तिचं एकच, "आई, मायरा माझ्याशी खेळेल का?"

तपासणी म्हणजे तिला एकटीला पुढे बोलावलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "वाच बाळा."

सगळ्यात वरचं मोठं अक्षर तिनं वाचलं. मग थांबली.

"पुढचं?"

तिनं डोळे बारीक केले.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "शाळेत जाते ना ही, की फक्त खिचडीला?"

हशा झाला. मोठ्यानं नाही. सभ्य माणसं हसतात तेवढाच.

माझ्या मुलीला वाचता येतं. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या मागचं, पिशवीवरचं, सगळं वाचते. जवळ असलं तर. ती हळूच म्हणाली, "दिसत नाही." ते पहिल्या रांगेपर्यंत पोचलं नाही. तज्ज्ञ बाईंनी मात्र ऐकलं, आणि तिची पापणी ओढली. मग लोकांसमोरच विचारायला लागल्या.

"घरी काय खातेस?"

"चहा-चपाती."

"भाजी?"

"असली की."

"मोबाईल बघतेस?"

"हो."

"किती वेळ?"

"आई येईपर्यंत."

तज्ज्ञ बाई लोकांकडे वळल्या. "बघा. पालेभाजी नाही, ऊन नाही, हातात मोबाईल. पालकांचं दुर्लक्ष म्हणतात ते हेच."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे बोट केलं. सगळ्या माना वळल्या.

आणि मी हसले. ओढणी सावरली आणि हसले. माझी पोर तिथं उभी राहून माझ्याकडे बघत होती, तिला एवढ्या लांबून माझं तोंड नीट दिसतही नसेल, आणि मी त्या लोकांकडे बघून हसत होते. पाय पुढे गेले नाहीत.

मायरा तेव्हा मॅडमच्या मांडीवर मोबाईल बघत बसली होती. मायरालाही चष्मा आहे. त्या घरात त्याला 'आजोबांकडून आलंय' म्हणायचे. मी तिला भरवायचे तेव्हा समोर टॅब लागायचा. मॅडमनी सांगितलेलंच होतं, "टॅब लाव, तेवढी खाते तरी." पालक, अंडं, पपई, सगळं मी तिच्या तोंडात घालायचे. तिला काय खातोय तेही कळायचं नाही. तिला कुणी पुढे बोलावलं नाही.

पण तज्ज्ञ बाई बोलल्या ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. श्रावणीचे बाबा चाकणला कंपनीत, शिफ्ट कधी कुठली काही भरवसा नाही. श्रावणी दुपारी शाळेतून यायची, मी संध्याकाळी. आमची खोली रस्त्यालगत, दारासमोरून ट्रक जातात. ती बाहेर पडू नये म्हणून शेजारच्या काकू बाहेरून कडी लावायच्या आणि आत मी मोबाईल ठेवून गेलेली असायचे. आई येईपर्यंत. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला फोटो दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला. माझ्या मुलीचा चेहरा, पापणीवर परकं बोट. खाली लिहिलं होतं, 'अज्ञानाची किंमत मुलं मोजतात.' मॅडम खूश होत्या. "बघ, किती जणांना आवडला."

मी म्हणाले, "छान आलाय."

हेही मीच म्हणाले.

त्या आठवड्यात श्रावणीचं तोंड पुसायला गेले तर तिनं दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट धरले. "ओढू नकोस," म्हणाली. माझ्या हाताला घाबरली होती ती. आईच्या हाताला.

मी सुट्टी मागितली नाही, सांगितली. तिला सरकारी दवाखान्यात नेलं. भली मोठी रांग. आत एक तरुण डॉक्टर होती. तिनं आधी श्रावणीला विचारलं, "मी डोळ्याला हात लावू का?" श्रावणीनं माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली.

दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. अंगात रक्तही कमी. डॉक्टरांनी मला जवळच्या स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. "अहो ताई, चष्मा रोज लावायचा. पालेभाजी, डाळ, अंडं, वर लिंबू पिळा, पपई मिळाली तर तीही. यानं नंबर जाणार नाही, पण रक्त वाढेल, डोळ्यांनाही ते लागतंच. मोबाईल कमी, आणि नाकाला चिकटवून नाही. रोज उजेडात, मोकळ्यावर खेळू द्या तिला." मग विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"

मी सगळं सांगितलं. कडीचंसुद्धा. सांगताना रडले. तिथंही लाज वाटलीच. पण ती लाज माझी होती, तिचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. क्लबहाऊसमधली लाज माझ्या तोंडावर फेकलेली होती.

काही आठवड्यांनी मी मायराला भरवत होते. मॅडम आल्या. "पुढच्या रविवारी परत सेशन आहे. श्रावणीला चष्मा लावून आण. आधीचा आणि आताचा, दोन्ही फोटो शेजारी टाकू."

मी चमचा खाली ठेवला. टॅब बंद केला. मायरानं भोकाड पसरलं.

"ती येणार नाही."

"का? कपड्यांचा प्रश्न आहे का? मी देते."

"मॅडम, मायरालाही चष्मा आहे. तिची पापणी ओढून दाखवाल लोकांना?"

त्यांचा चेहरा बदलला. "तुझ्या चांगल्यासाठीच केलं ना आम्ही?"

"मग मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. आणि तो फोटो काढा. मला न विचारता टाकलाय."

"ग्रुपवर गेलेला फोटो मी प्रत्येकाच्या मोबाईलमधून कसा काढू?"

"टाकताना सगळ्यांना पाठवलात. आता सगळ्यांना सांगा, काढा म्हणून."

"बरीच शहाणी झालीस."

"आणि टॅब लावून मी हिला भरवणार नाही. बंद ठेवा, मी बसून भरवते."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अटी घालणारी माणसं आम्हाला परवडत नाहीत. उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," म्हणाले. हात धुतले, मायराचं तोंड पुसलं आणि निघाले. शौर्य वगैरे काही नव्हतं. पुढचा महिना कसा काढायचा हेच डोक्यात होतं. आणि हे की, हेच मी त्या रविवारी बोलायला हवं होतं, पोरीच्या समोर.

फोटो काढला की नाही, मला माहीत नाही.

आता मी विश्रांतवाडीतच दोन घरी पोळ्या करते. हातात कमी येतं. पण श्रावणीची शाळा सुटायच्या वेळेला घरी असते. ऊन उतरलं की तिला मैदानावर नेते. मोबाईल माझ्या पिशवीत असतो. ती रडते, हट्ट करते, एखाद्या दिवशी मी दमलेली असते आणि देते. मेथी अजून थुंकते. शाळेत बाईंनी पुढे बोलावलं की अजून तिचा हात आधी डोळ्यावर जातो. ते चष्म्यानं जात नाही.

मध्यंतरी वस्तीत डोळे तपासायला माणसं आली होती. त्यातला एक माणूस एका बाईला सगळ्यांसमोर झापायला लागला, मुलाचे डोळे असे का म्हणून. ती ओढणी सावरायला लागली. मी ओळखलं तिला. नाव माहीत नाही, पण ओळखलं. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्या माणसाला म्हणाले, "आधी मुलाचं बघा. आईशी बोलायचंय ते बाजूला घेऊन बोला."

"तुम्ही कोण?" तो म्हणाला.

"मी पण आई आहे."

आता वस्तीतल्या मुलांना तपासायला नेलं की मी बरोबर जाते. आमचं चुकलं असेल तर सांगा. आम्ही ऐकू, करू. पण आमची पोरं दाखवायला पुढे उभी करायची नाहीत. केलीत, तर त्यांना हाताला धरून मी तिथून घेऊन जाईन. भरल्या कार्यक्रमातून.