खांद्यावरचं मोत्यांचं फूल

माझा नवरा गेला तेव्हा आमच्या लग्नाला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी शेजारीच झोपले होते आणि मला काही कळलं नाही. नंतर घरात लोक रडत होते आणि मी त्यांना पाणी देत होते. सगळ्यांना वाटलं, ही खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. गरम कुकरला हात लागला तरी तो जरा उशिराने मागे यायचा, एवढंच.

माहेरचे न्यायला आले होते, पण मी गेले नाही. का, ते आजही सांगता येणार नाही. टिटवाळ्याच्या त्या घरात सासू-सासरे आणि मी, अशी तिघं उरलो. मी माजिवड्याला ऑफिसला जायचे आणि परत यायचे. सासरे जेवून आतल्या खोलीत जायचे. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, आणि मी बाहेर टीव्हीसमोर बसायचो. त्याच्याबद्दल दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं.

एका संध्याकाळी बातम्यांमध्ये कुठल्याशा परदेशी राजघराण्यातली अंत्ययात्रा दाखवत होते. काळ्या कपड्यांतल्या बायका गाडीतून उतरत होत्या.

"त्या बाईच्या खांद्यापाशी काय आहे गं?" आईंनी विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही विचारलं होतं.

"ब्रोच आहे. मोत्यांचा."

"अशा दिवशी दागिना?"

मी फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. त्यांच्याकडे दुखवट्यात मोती चालतात, आणि हा ब्रोच तिच्या गेलेल्या आजेसासूचा होता.

"म्हणजे गेलेल्या माणसाची वस्तू अंगावर घेऊन आली," आई म्हणाल्या. "बरं केलंन."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याच म्हणाल्या, "अगं, त्या राण्यांचं लाव ना काहीतरी." मग ते रोजचंच झालं. राणी दुसऱ्या देशात पाहुणी म्हणून गेली की तिथल्या झाडाचं पान नाहीतर फूल हिऱ्यांत घडवलेलं खांद्यावर लावायची. बारशाला वेगळा ब्रोच, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीच्या दिवशी वेगळा. आपल्याकडच्या संस्थानांतल्या राण्यांचे जुने फोटोही सापडले, शिफॉनच्या पदरावर चमचमती पिन असलेले. आई शाळेत शिवण शिकवायच्या, त्यामुळे त्यांची नजर कापडावर. "एवढं वजन नुसत्या शिफॉनला पेलायचं नाही. आतून तुकडा लावला असणार," त्या म्हणायच्या. मी हो म्हणायचे. रंग दिसायचे, चमक दिसायची, त्यापलीकडे माझ्यापर्यंत काही पोचायचं नाही.

अशात नणंदेच्या डोहाळजेवणाचं ठरलं. तिचा डोंबिवलीहून फोन आला. "वहिनी, तू आली नाहीस तर मी कार्यक्रमच करणार नाही, सांगून ठेवते." मी बरं म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात काहीतरी लागतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आई एकट्याच कल्याणला जाऊन आल्या. एरवी त्या एकट्या कुठे जात नाहीत. पिशवीतून त्यांनी छोटी डबी काढली. आत मोत्यांचं फूल होतं, मोती खोटे, मधोमध हिरवा खडा.

"गळा मोकळा म्हणून बायका बघणारच," त्या म्हणाल्या. "त्यांना बघायला दुसरं काहीतरी असू दे."

माझं मंगळसूत्र तो गेला त्याच दिवशी कोणीतरी काढलं होतं. मी मान खाली करून दिली होती, इतकंच आठवतं. आईंनी माझी जांभळी साडी घेतली आणि पदराला खांद्याशी आतून कापडाचा तुकडा टाचायला बसल्या.

हॉलमध्ये त्या म्हणाल्या तसंच झालं. बायका आधी गळ्याकडे बघायच्या, मग फुलाकडे. एक लांबची मावशी काहीतरी बोलायला म्हणून जवळ आली आणि "नवीन का गं? छान आहे हो," एवढंच बोलून गेली.

ओटी भरायला एकेक सवाष्ण पुढे जात होती. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घातलेली नणंद मधूनच म्हणाली, "वहिनी राहिलीये."

तिच्या सासरची एक वयस्कर बाई हळूच म्हणाली, "अगं, आजच्या दिवशी नको..."

आईंच्या हातात तबक होतं. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. "येणाऱ्या बाळाची मामी आहे ती," त्या म्हणाल्या. "एकच मामी आहे त्याला. ये गं."

मी उठले. तांदूळ घातले, नारळ ठेवला. नणंदेने माझे हात घट्ट धरले आणि रडायला लागली. माझ्या मनात आलं, नारळ जड आहे, घसरेल.

घरी आल्यावर मी पिन काढत होते, तर ती धाग्यात अडकली. आई सोडवायला आल्या.

"त्याला आवडलं असतं गं हे," त्या म्हणाल्या.

तो गेल्यापासून आमच्यात पहिल्यांदाच त्याचा विषय निघाला होता. त्या पलंगावर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. सासरे धावत बाहेर आले. मलाही रडायचं होतं, मी वाट बघत उभी राहिले. काही आलं नाही. मग मी पाणी आणलं.

नणंदेला मुलगी झाली. ती माझ्या अंगावर चढते, केस ओढते. टीव्ही चालू असतो तेव्हा आई आता मधेच त्याच्या लहानपणचं सांगतात, कुठल्या झाडावरून पडला, कशावरून रुसला. मी नुसती ऐकत असते. परवा सांगता सांगता त्या पाणी प्यायला थांबल्या, आणि मी विचारलं, "मग पुढे काय झालं?"