आर्वोने भोंगा दिला तेव्हा

व्हर्ना आत्याला सगळं दिसतं, ती आंधळेपणाचं सोंग करते, असं आमच्या किवी लेकमध्ये बोललं जातं. टपाल कचेरीतली मिसेस ड्रिस्कल तर नाकातून सांगते, "पाचपैकी पाच निशाणं पाडते म्हणे! बाई गं, मला चष्मा लावून सुईत दोरा ओवता येत नाही!"

खरं असं की आत्याला वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तेवढंच दिसतं. उजेड आणि हलत्या सावल्या. अंधांच्या शर्यतीत स्कीवर पळायचं आणि मधेमधे थांबून निशाणं पाडायची असतात; तिथे नेम ती कानाने धरते. हेडफोनमध्ये एक सूर वाजतो, रायफलीची नळी निशाणाच्या मध्यावर सरकते तसा तो चढतो. अगदी टिपेला पोचला की चाप ओढायचा. आणि बर्फावर तिच्यापुढे तिचा वाटाड्या ऑर्विल स्कीवर पळतो, कमरेला स्पीकर बांधून, अखंड बडबडत. "डावीकडे, अजून डावीकडे, सरळ, छान, आता उतार, काल माझ्या बायकोने काय केलं माहितेय..."

"बायको राहू दे, वळण सांग!" आत्या मागून खेकसते.

गेल्या मार्चमध्ये निवडीची शर्यत आमच्याच गावात होती. पहिल्या दोघी राष्ट्रीय संघात. आत्या चाळिशीला टेकलेली, ती कामाला जाते त्या बेकरीवाल्याने पुढच्या हिवाळ्यात रजा नाही म्हणून आधीच सांगितलेलं. "आता नाही तर कधीच नाही," म्हणाली आणि कॉफी न पिताच उठली. तिने कॉफी टाकलेली मी तोवर पाहिली नव्हती.

शर्यतीला आमचं गाव गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतं. पण आत्या नेम धरायला चटईवर पालथी झोपली की घंटांत हातमोजे कोंबायचे, हे रांगत्या पोरालाही ठाऊक. शेवटच्या नेमबाजीला ती झोपली आणि सगळं चिडीचूप झालं. एक पडलं. दुसरं, तिसरं, चौथं.

तेवढ्यात भोंगा. मालगाडीच्या इंजिनावर होता आर्वो, आत्याचा शेजारी. झेंडे दिसले, वाटलं आपल्या व्हर्नाला जोर द्यावा. दिला तो दिला, सोडेचना! मागून डब्यांची धडधड, पायाखालचा बर्फ थरथरतोय.

आत्याचं बोट थांबलं.

"मार गं, अंदाजाने मार," बाबा दातांत हातमोजा धरून पुटपुटले. ती त्यांची धाकटी बहीण.

आजीने कोपर मारलं. "गप रे टॉइवो! चुकलं तर दंडाची फेरी पळावी लागेल तिला."

"आणि आत्ता वेळ जातोय तो?"

शेजारची मुलगी पाचही पाडून केव्हाच निघून गेली होती. ऑर्विल ओठ आवळून उभा. नेम चालू असताना त्याने बोलायचं नसतं, त्यामुळे चेहरा बीटासारखा. डबे संपेनात. लाकडाचे, तेलाचे, पुन्हा लाकडाचे. शेवटचा डबा झाडांआड गेला, तरी ती हलेना.

मग पाचवं पडलं.

शर्यतीत एकेकीला वेगवेगळ्या वेळी सोडतात, म्हणून शेवटच्या रेषेवर पोचूनही कोण कितवी ते कळत नाही. आत्या बर्फातच बसली. ऑर्विल आडवा पडला.

"गेलं गं आत्या," मी म्हणाले. "मालगाडीने खाल्लं."

"लाव पैज. मी संघात नसले तर महिनाभर दालचिनीचे बन फुकट. असले तर माझ्या स्कींचं मेण तू खरवडायचं, पुढचा अख्खा हिवाळा."

"लावली! पण एवढी खात्री कशावरून?"

"ऑर्विलवरून. शेवटच्या चढावर त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझ्यापुढे राहता राहता नुसता धापा टाकत होता मेला."

ऑर्विलने पडल्यापडल्या हात वर केला.

कर्ण्यावर पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं आलं. बाबांनी डोळे मिटले, आणि मला, लाज वाटते सांगायला, दालचिनीचा वास आला. मग दुसरं नाव आलं: व्हर्ना सालमेला.

थंडीत ते मेण दगडासारखं होतं. नखं तुटतात.